‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा कधीच न मारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

तुमच्या वित्त शाखेतून फाइल परत आली की आमच्या खरेदी शाखेत तोंडातून निघणारा पहिला शब्द आभाराचा नसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र जरा उशिराच लिहितोय. केंद्र सरकारच्या कार्यालयात खरेदीचं काम करणाऱ्या सगळ्यांना ते वाचता यावं, म्हणून उघडच लिहितोय.

‘प्रस्ताव मान्य, नियमानुसार कार्यवाही करावी’ या शेऱ्यासारखं सोयीचं दुसरं काही नाही. लिहिणारा सुटतो, अडकतो तो खालचा. तुम्ही तो कधी मारला नाहीत. तुमची पेन्सिल नेमक्या ओळीवर टेकायची आणि समासात एक प्रश्न उभा राहायचा. ते प्रश्न निविदा निघायच्या आधी आले, याचेच हे आभार.

यूपीएसच्या, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर यंत्रं चालू ठेवणाऱ्या साधनाच्या, मागणीपत्रातली ओळ घ्या. ‘20 केव्हीए ऑनलाइन यूपीएस, 30 मिनिटे बॅकअप.’ समासात तुमचा प्रश्न: किती भारावर? एवढा एक शब्द नसला की पुरवठादार अर्ध्या भाराचा हिशेब धरतो, आणि तो खोटं बोलतोय असंही म्हणता येत नाही. 0.8 पॉवर फॅक्टरने (केव्हीएला याने गुणलं की किलोवॅट मिळतात) पूर्ण भार म्हणजे 16 किलोवॅट, अर्ध्या तासाची 8 युनिटं. इन्व्हर्टरची कार्यक्षमता 90 टक्के धरली तर बॅटऱ्यांमधून जवळपास 9 युनिटं निघायला हवीत. 12 व्होल्टच्या 20 बॅटऱ्या, प्रत्येकी 42 एएच (अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता), म्हणजे 10,080 व्हीएएच, साधारण 10 युनिटं. कागदावर झालं की पुरेसं! पण एएचचा आकडा 10 किंवा 20 तासांच्या संथ डिस्चार्जचा असतो. तीच शिसे-आम्ल बॅटरी अर्ध्या तासात पिळून काढली तर साधारण निम्मंच देते. म्हणजे 42 नव्हे, 75 एएचच्या आसपास जावं लागतं, बॅटरी जुनी होत जाते त्याची वजावट वेगळी, आणि शेवटचा आकडा उत्पादकाच्या डिस्चार्ज तक्त्यावरून ठरवायचा. तुम्ही स्पेसिफिकेशनमध्ये दोन वाक्यं घालायला लावलीत: बॅकअप पूर्ण भारावर, 0.8 पॉवर फॅक्टरने. आणि स्वीकृतीच्या वेळी लोड बँक (कृत्रिम भार देणारं यंत्र) लावून 30 मिनिटांची चाचणी, पुरवठादाराच्या खर्चाने. अभियंता नसलेल्या माणसाने अभियंत्याला विचारायचा प्रश्न तो हाच: हे मोजणार कसं? ज्याचं उत्तर मिळत नाही ती ओळ स्पेसिफिकेशनमधून काढायची किंवा नीट लिहायची.

जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर, फिल्टर लावतानाही तोच डोळा. बारा निकष टाकून शेवटी एकच मेक उरत असेल तर ती स्पर्धा नव्हे. तसंच हवं असेल तर मालकी वस्तूचं, म्हणजे ‘ही वस्तू एकच उत्पादक बनवतो’ असं, प्रमाणपत्र सही करून जोडा, सामान्य वित्तीय नियमांतला (जीएफआर) नियम 166 त्यासाठीच आहे. मागच्या दाराने नको, हा तुमचा हट्ट.

देखभाल कराराचं गणित तर तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडून दिलंत. उदाहरण तुमचंच. ‘अ’ची किंमत 12,40,000, ‘ब’ची 13,10,000. वॉरंटीनंतरच्या चार वर्षांचा सर्वंकष देखभाल करार ‘अ’ वर्षाला 1,10,000 ने देतो, ‘ब’ 55,000 ने. निव्वळ यंत्राच्या किमतीवर ‘अ’ एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा. सगळं मिळून ‘अ’ 16,80,000 आणि ‘ब’ 15,30,000. देखभालीचा दर मूळ किंमत बिडातच (पुरवठादाराच्या दराच्या बोलीतच) मागवला नाही, किंवा मागवून मूल्यमापनात धरला नाही, तर यंत्र स्वस्तात गळ्यात पडतं आणि तीन वर्षांनी तोच पुरवठादार म्हणेल तो दर द्यावा लागतो. त्यात यूपीएसच्या ‘सर्वंकष’ करारात बॅटऱ्या धरल्या आहेत की वगळल्या आहेत, हे लिहिलेलं नसेल तर तो सर्वंकष नावापुरताच. सगळ्यात आधी झिजतात त्या बॅटऱ्याच.

तारखांचा तुमचा तक्ता आता प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर असतो. बिडची वैधता 90 दिवस असेल तर बयाणा रक्कम (बिडसोबत घेतलेली अनामत) त्यापुढे 45 दिवस, म्हणजे 135 दिवस जिवंत हवी. सुरक्षा ठेव, बहुधा बँक हमीच्या रूपातली, वॉरंटीसकट सगळ्या जबाबदाऱ्या संपल्यावर आणखी 60 दिवस. वाचायला सोपं, पण चूक इथेच होते. पुरवठा आणि उभारणीला दोन महिने, स्वीकृतीपासून 36 महिने वॉरंटी आणि वर दोन महिने, म्हणजे बँक हमी 40 महिन्यांची लागते. सर्रास घेतली जाते ती पुरवठा आदेशाच्या तारखेपासून 36 महिन्यांची. ती वॉरंटीच्या दोन महिने आधीच मरते. पुरवठ्याला तीन महिने उशीर झाला तर पाच महिने आधी. मुदतवाढ दिली की त्याच पत्रात हमी वाढवून मागायची, हे तुम्ही सांगेपर्यंत तक्त्यात नव्हतं. आणि हमी खरी आहे की नाही, हे बँकेच्या शाखेला थेट विचारायचं. पुरवठादाराने हातात आणून दिलेलं खातरजमेचं पत्र म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

मुदतवाढीच्या पत्राबद्दल मात्र सगळ्यात जास्त ऋणी आहोत. उशिराबद्दल विलंब आकार आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त 10 टक्के, हे कलम सगळ्यांना पाठ असतं. 14 लाखांच्या आदेशाला सात आठवडे उशीर म्हणजे 49,000 रुपये, हा हिशेबही कुणालाही येतो. पण ते कापण्याचा हक्क कधी हातातून निसटतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. भारतीय करार अधिनियम 1872, कलम 55. ठरलेली मुदत उलटल्यावर माल स्वीकारला आणि स्वीकारतानाच भरपाईचा हक्क राखून ठेवल्याची सूचना दिली नाही, तर मागाहून भरपाई मागता येत नाही. प्रत्यक्षात काय होतं? तारीख उलटते, शाखेतून ‘माल कधी पाठवता?’ अशी स्मरणपत्रं जात राहतात, मुदतवाढ कुणीच देत नाही, माल येतो, भांडारात उतरतो, आणि बिलाच्या वेळी कुणाला तरी विलंब आकार आठवतो. वरातीमागून घोडं. तुम्ही तीन वाक्यांचा मसुदा दिलात. मुदत अमुक तारखेपर्यंत वाढवली आहे. ही वाढ विलंब आकार वसूल करण्याचा हक्क राखून आहे. मूळ तारखेनंतर किंमत किंवा कर वाढले तर ते पुरवठादाराने सोसायचे, कमी झाले तर फायदा सरकारचा. हे पत्र मुदत संपायच्या आत जायला हवं आणि पुरवठादाराची लेखी संमती फाइलला लागायला हवी. विलंब आकार शेवटी माफ करायचा का, तो निर्णय सक्षम अधिकाऱ्याचा. माफ करायला आधी हक्क हातात असावा लागतो, हे तुमचं म्हणणं.

किंमत बिड उघडल्यावर एल-टूचं, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या कमी दरवाल्याचं, ‘आम्ही आणखी कमी करतो’ असं पत्र येतं. ते फाइलला लावायचं आणि हलायचं नाही. वाटाघाटी करायच्याच झाल्या तर फक्त एल-वनशी, त्याही अपवादात्मक परिस्थितीत आणि कारणं लिहून. केंद्रीय दक्षता आयोगाचं 3 मार्च 2007 चं परिपत्रक हेच सांगतं. उलट बाजूने, एकच बिड आली म्हणून घाबरून पुनर्निविदा काढायची नाही, हेही तुम्हीच ठसवलंत. प्रसिद्धी पुरेशी होती, अटी अकारण जाचक नव्हत्या आणि दर बाजाराच्या मानाने वाजवी आहे, एवढं दाखवता आलं तर एकटी बिडसुद्धा वैध ठरते. नुसत्या संख्येवरून स्पर्धा नव्हती असं ठरवायचं नाही, हे नियम 173 मध्येच आहे. पुनर्निविदेत दर वाढूनच आला, तर त्याचं उत्तर कोण देणार, हा तुमचा प्रश्न अजून कुणाला खोडता आलेला नाही.

बिलांबाबत तुम्ही पुरवठादाराच्या बाजूने बोलायचात, वित्त शाखेत हे जरा दुर्मीळच. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे. नाही दिले तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम 2006 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. माल आल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो स्वीकारला असं धरलं जातं. त्यामुळे खोकी न उघडता भांडारात ठेवून दिवस वाचत नाहीत. जेमवर स्वीकृती प्रमाणपत्राला 10 दिवस आहेत, आणि त्या 10 दिवसांत तपासणी समितीचे तिन्ही सदस्य एकदम रजेवर असू नयेत, म्हणून समितीच्या आदेशातच पर्यायी सदस्यांची नावं घालायची. तुमची ही सूचना कुठल्याही नियमपुस्तकात सापडत नाही, पण सगळ्यात जास्त कामाला येते.

आणि मार्च. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. निधी परत जाईल या भीतीने एक मागणी चार तुकड्यांत मोडून आणली की तुमच्या टेबलावरून ती जशीच्या तशी माघारी. तुकडे करायला नियम 157 आडवा येतो, शेवटच्या महिन्यांतल्या उधळणीला नियम 62. यंदापासून पुढच्या वर्षाची मागणीपत्रं ऑक्टोबरातच मागवायला सुरुवात केली आहे. स्पेसिफिकेशनला एक महिना, वित्त शाखेला दोन फेऱ्या, बिडला किमान तीन आठवडे, तपासणीला तेवढेच, असा हिशेब धरून. दोन फेऱ्या धरल्यात, एक नाही, हे लक्षात आलंच असेल.

सोबत जनरेटरची फाइल पाठवत आहोत. तारखांचा तक्ता पहिल्या पानावर आहे, देखभालीचे दर किंमत बिडात घेतले आहेत. आवाजाची पातळी किती मीटरवर मोजायची, ते मात्र मागणीपत्रात राहिलं आहे. आज दुरुस्त करून पान 14 बदलतो. तोवर पेन्सिल खाली ठेवा.

आपली ऋणी,
खरेदी शाखा