मूल जे बोललं, तेच लिही

दादर, मुंबई

प्रिय मंजू,

मुलं बोलायला कशी शिकतात हे अभ्यासणाऱ्या बालभाषेच्या लॅबमध्ये तू बिनपगारी मदतनीस म्हणून जाणार हे वाचून फार आनंद झाला. मुलांशी खेळायला मिळेल असं तू लिहिलंयस. मिळेल, पण जास्त वेळ हेडफोन लावून रेकॉर्डिंग उतरवण्यात, म्हणजे ऐकून शब्दशः लिहून काढण्यात जाईल. पाच मिनिटांच्या बोलण्याला सुरुवातीला सहज तासभर लागतो, म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते.

मूल जे बोललं तेच लिही. त्याला काय म्हणायचं होतं ते नव्हे. एखादं पोर 'घोडाला पाणी दे' म्हणतं आणि आपला सरावलेला कान 'घोड्याला' ऐकतो. बोटं तेच टाइप करतात आणि नेमकी हवी ती माहिती पुसली जाते. त्याला 'ला' लावता येतोय, सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधी शब्दात होणारा बदल, अजून बसलेलं नाही, हे त्या एका शब्दातूनच कळतं. 'गाली' म्हटलं तर 'गाली'च लिही. 'गाडी' शेजारी चौकटी कंसात. तीनदा ऐकूनही कळलं नाही तर न कळल्याची खूण कर, अंदाजाने भरू नकोस. 'वो वाला बॉल दे ना' असं वाक्य मुंबईत रोज ऐकशील. ते शुद्ध करायचं नाही, परभाषेतल्या शब्दांवर खूण करायची. बोलणं लिहून काढायच्या 'चॅट' नावाच्या पद्धतीत या सगळ्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. बालभाषेचे अभ्यासक ब्रायन मॅकव्हिनी आणि कॅथरीन स्नो यांनी 1984 मध्ये सुरू केलेल्या, मुलांच्या बोलण्याच्या 'चाइल्ड्स' या संग्रहातून ती आली. तिची पुस्तिका आधी वाचून काढ.

उतरवणं सोपं जाईल की अवघड, हे रेकॉर्डिंगच ठरवतं. फाइल वेव्हमध्ये ठेव, एमपीथ्रीत नको. रेकॉर्डर मुलापासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेव. नुसत्या टेबलावर प्रत्येक खेळणं आपटल्याचा धक्का माइकला बसतो. स्टीलची भातुकली अजिबात नको, तिच्या खणखणाटात शब्दांचे शेवट बुडतात आणि मराठीत लिंग, वचन, विभक्ती सगळं शेवटालाच असतं. लाकडी भातुकली घे. घरी रेकॉर्डिंग असेल तर कुकर लावायच्या वेळेला जाऊ नकोस. पंखा बंद करावा लागतो, मग मे महिन्यात वीस मिनिटांवर मूल किरकिरतंच; तेवढ्यात आटप.

'हा कुत्रा आहे ना?' विचारलंस तर 'हो' मिळेल, बाकी काही नाही. 'इथे काय चाललंय?' विचार आणि मनात पाच आकडे मोज. मोठ्यांना ती शांतता सोसत नाही, म्हणून मुलाचं वाक्य तोंडातच राहतं. आई 'सांग ना मावशीला' करत राहिली तर माहितीचा फॉर्म तेव्हाच तिच्या हाती दे, म्हणजे ती त्यात गुंतेल.

मुलाला शब्दांची रूपं नुसती पाठ आहेत की नियम कळलाय, हे बनावट शब्दांनी तपासतात. बालभाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी 1958 मध्ये इंग्रजीत हेच केलं होतं. चित्रातल्या काल्पनिक प्राण्याला 'भुमका' म्हण. दोन असले तर? 'भुमके' आलं तर मुलाने ते ऐकून पाठ केलेलं असणं शक्यच नाही. मात्र तुझ्या तोंडून आधी 'भुमके' निघाला की तो प्रश्न बाद.

वाक्यांची सरासरी लांबी काढताना 'गेली' हा एकच घटक धरायचा की धातू, काळ, लिंग-वचन वेगळे मोजायचे, हे लॅबने ठरवलेलं असेल. पहिल्याच दिवशी विचारून घे. अर्ध्या फाइली एका पद्धतीने, अर्ध्या दुसऱ्या झाल्या तर सगळं पुन्हा मोजावं लागतं. काही फाइली दुसरं कुणीतरी स्वतंत्रपणे उतरवेल. तुमचं जुळलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, पण आधी त्यांचं बघून मग लिहू नकोस.

पालकांनी सही केली असली तरी मूल 'नाही' म्हणालं की थांबायचं. क्लिप व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवायची नाही, फाइलच्या नावात मुलाचं नाव नको, नुसता कोड. आणि 'आमचा मागे आहे का हो?' असं आई हमखास विचारेल. मंजू, तिथे मत देऊ नकोस, 'नाही हो, बोलेल' असा धीरही नको. खरंच ऐकू कमी येत असेल तर अशा धीराने मोलाचे महिने जातात. लॅबच्या मुख्य बाईंना त्याच दिवशी सांग; तपासणीसाठी बांद्रा रेक्लमेशनला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग संस्था आहे.

पहिली फाइल उतरवलीस की अडलेल्या जागांच्या वेळा टिपून ठेव आणि त्या घेऊन बाईंकडे बस.

तुझी,
वैशाली