मिस्त्री, तुम्ही बॉक्स खोलला नाही, त्याबद्दल आभार

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानले असते तर "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही दुसऱ्या गाडीखाली शिरला असता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव-पत्ता टाकू नका म्हणालात, तो शब्द पाळतो. कुपवाडचे मिस्त्री, एवढंच. गाडीच्या कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, बारा वर्षं गरम तेलात भिजलेल्या रबराचा होता. जाणकारांना एवढं पुरे: जुनी घेतलेली डिझेल फोर बाय फोर, आत ७२२.६ जातीचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

गाडी मधेच गिअरात अडकून बसायची. तुमच्याकडे येण्याआधी ती दोन ठिकाणी फिरून आली होती. पहिल्या ठिकाणी मॉडेलचं वर्ष बघितलं आणि गाडीखाली न वाकताच निकाल दिला: "२०१९ च्या पुरातली दिसतीय, क्लचच्या प्लेटा गेल्या, बॉक्स बदला." कोटेशन दोन लाख ऐंशी हजारांचं. महापुरानंतर सांगलीत जुनी गाडी म्हटली की पहिला संशय पाण्याचाच येतो, तो चुकीचाही नाही. पण संशय घेतला तर तपासायला नको का? बॉक्समध्ये पाणी शिरलं की तेल गुलाबी दुधासारखं होतं आणि प्लेटांवरच्या अस्तराचा गोंद सुटायला लागतो. तेल बाहेर काढून डोळ्यांनी बघितलं की पाच मिनिटांत कळतं. ते कुणी बघितलंच नाही. उलट ब्रेक दाबून, ड्राइव्हमध्ये टाकून, अर्धा-अर्धा मिनिट रेस केली. ही स्टॉल टेस्ट पाच सेकंदांच्या वर न्यायची नसते, सगळी ताकद कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद तेलातून बॉक्सला देतो तो भाग) तेल तापवण्यात जाते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने ती करूच नये. वर स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड पुसून टाकले. कोड पुसणं म्हणजे चोरी झाल्यावर पंचनाम्याआधीच घर झाडून काढणं.

दुसऱ्या ठिकाणी "तेल कमी आहे" म्हणून इंजिन बंद असताना, थंड गाडीत, अंदाजाने लिटरभर लाल तेल ओतलं. कुठलं तेल विचारलं तर "लालच असतंय की सगळं." ह्या बॉक्समधला लॉकअप क्लच, म्हणजे कन्व्हर्टरला थेट जोडणारा क्लच, मुद्दाम थोडा घसरता ठेवलेला असतो. तेल चुकलं की गाडी रंबलरवरून चालल्यासारखी थरथरते. आणि पातळी जास्त झाली की फिरणारे भाग तेल घुसळतात, फेस होतो, दाब ढासळतो. म्हणजे नसलेला आजारही दिसायला लागतो.

मिस्त्री, तुम्ही पाना हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारला: "अडकल्यावर किल्ली बंद करून परत चालू केली तर काय होतंय?" उत्तर होतं, कधी पाचही गिअर पडतात, कधी फक्त दुसरा आणि रिव्हर्स. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "जळालेल्या प्लेटा किल्ली फिरवून बऱ्या होत नाहीत." अर्धं निदान तिथंच झालं होतं. रेस वाढतेय पण गाडी पळत नाही, असं एकदाही होत नव्हतं. बॉक्स घसरत नव्हता, स्वतःला वाचवायला लिंप मोडमध्ये जात होता. सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवर तेलाची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या व्हॉल्व्हचा, करंट तुटला की तेलाच्या दाबावर पुढचा दुसरा आणि रिव्हर्स एवढेच उरतात. हे माहीत असलेले लोक सांगलीत आणखीही असतील. विचारलं मात्र तुम्हीच.

मग बॅटरी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना १४ च्या आसपास. ठीक. गाडी दंडोबाच्या चढाला नेऊन आणलीत, पुसलेला कोड परत येऊ दिलात आणि वहीत लिहून घेतलात: आतल्या स्पीड सेन्सरचा सिग्नल तुटतो. मग सपाट जागी, पार्कमध्ये, इंजिन चालू ठेवून तेल ८० अंशांवर येईपर्यंत वाट बघितलीत. ह्या बॉक्सला रोजच्या वापराची डिपस्टिक नसते, नळीला कुलूपबंद टोपण असतं. मापाची पट्टी वेगळी ठेवावी लागते, आणि ती तुमच्याकडे होती. ज्यादाचं तेल काढलंत.

आणि इथं तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे.

धुतलेलं पांढरं सुती फडकं तुम्ही बॉनेटवर पसरलंत. सुरकुती राहू नये म्हणून तळहाताने दोनदा सारखं केलंत. बाटलीतल्या नव्या तेलाचा एक थेंब त्यावर टाकलात, वितीच्या अंतरावर बॉक्समधल्या तेलाचा दुसरा. मी वाकून बघायला लागलो तर म्हणालात, "पसरू दे की जरा. गडबड न्हाई." उन्हात दोन्ही थेंब हळूहळू पसरत गेले. बॉक्समधला किंचित गडद, तपकिरीकडे झुकलेला, पण कड स्वच्छ. मधे काळा ठिपका नाही, चमचमणारी कचकच नाही, दुधाळपणा नाही. मग फडक्याचं टोक माझ्या हातात दिलंत. "वास घ्या. जळकट येतोय का?" येत नव्हता. "मग आता तुम्हीच सांगा, बॉक्स खोलू का?"

मिस्त्री, दोन महिने लोक मला सांगत होते, तुम्ही मला दाखवलंत. गिऱ्हाइकाच्या हातात पुरावा देऊन त्याला विचारणं, ह्याला किती मोठं मन लागतं ते गाड्यांत आयुष्य घालवलेल्यालाच कळेल. मीही ट्रॅक्टरच्या कामातला, साधा गिअरबॉक्स डोळे मिटून जोडेन. पण ऑटोमॅटिकपुढे आपण आडाणी, आणि आडाणी माणसाला लुबाडायला कष्ट पडत नाहीत. तुम्ही मला तेवढ्या दहा मिनिटांत शहाणं केलंत. सांगली-मिरजेच्या शेडशेडमधून अशी माणसं आहेत, त्यांच्या दारावर धड पाटीही नसते. त्यांच्या जिवावर आपल्या गाड्या चालतात आणि आपण नाव घेतो ते एसी असलेल्या रिसेप्शनचं.

पुढचं काम थोडक्यात, कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून. बॉक्सच्या बाजूला तेरा पिनांचा गोल प्लग असतो. तो फिरवून काढला तर आत सगळ्या पिना तेलाने ओल्या. तो प्लग ज्या प्लास्टिकच्या बुशमध्ये बसतो त्याला दोन रबरी ओ रिंग असतात. त्या कडक झाल्या की तेल पिनांवर येतं आणि वायरीच्या आतून, दिव्याच्या वातीत चढावं तसं, थेट कंट्रोल युनिटपर्यंत, म्हणजे गिअर बदलायचा हुकूम देणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत, चढत जातं. तुम्ही दुसरं टोकही उघडून दाखवलंत, तिथंही ओल होती. सात नंबरच्या गोटीने मधला एक बोल्ट, बुश बाहेर. त्याआधी पिनांमधून मीटर लावून सोलेनॉइड तपासलेत: शिफ्टचे ४ ओहमच्या आसपास, दाबाचे ५, लॉकअपचा अडीच. सगळे जागेवर. सेन्सर आणि सोलेनॉइडच्या जोडण्या असलेली आतली कंडक्टर प्लेट लगेच बदलायची घाई तुम्ही केली नाहीत, माथी मारलीही नाहीत. दोन्ही टोकं कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतलीत, वाळू दिलीत, नवा बुश बसवलात. चुकीचं तेल मिसळलेलं म्हणून पॅन उतरवला. मॅग्नेटवर बारीक करडी पेस्ट होती, तेवढी प्रत्येक बॉक्समध्ये असते. पॅन काढून निम्मंच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून तुम्ही दोन हप्त्यांत बदललंत, बाटलीवर ह्या बॉक्सच्या तेलाचा नंबर, २३६.१४, वाचून. प्लग महिन्याने परत काढून बघायला सांगितलात, कारण वायरीत मुरलेलं तेल काही दिवस झिरपत राहतं. बघितला. कोरडा आहे. गाडी परवा आंबा घाट चढून उतरली, पाचही गिअर वेळेवर.

तेलात हात बुडवून केलेल्या कामाची मजुरी तुम्ही घेतलीत. त्या दहा मिनिटांचं काहीच लावलं नाहीत.

फडकं मी घडी करून गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवलंय. दोन्ही डाग आता एकमेकांच्या जवळ आलेत, तरी वेगळे ओळखू येतात. पुढचं तेल बदलायला येईन तेव्हा तिसरा थेंब त्याच फडक्यावर टाकायचा आहे, आणि तो तुम्ही टाकायचा.

तुमचा,
मिरजेकडचा एक ट्रॅक्टरवाला