धुराची फवारणी आणि डासांच्या सवयी

महोदय,

पावसाळा आला की गल्लोगल्ली धुराची फवारणी सुरू होते आणि नागरिक निर्धास्त होतात. परंतु सर्व डास एकाच सवयीचे नसतात, याकडे मात्र दुर्लक्ष होते. गटारातील घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स रात्री चावतो व हत्तीरोग पसरवतो. मुंबईसारख्या शहरांत हिवतापास कारणीभूत ठरणारा अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी गच्चीवरील उघड्या टाक्यांत आणि विहिरींत वाढतो व रात्रीच चावतो. डेंग्यू व चिकुनगुनिया पसरवणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस मात्र दिवसा चावतो, आणि तो बाहेरच्या गटारापेक्षा आपल्याच घरातील फुलदाणी, कूलर, फ्रिजमागील ट्रे व रांजण यांतील स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्या स्थितीतही अनेक महिने टिकत असल्याने नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे घासावे लागते. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’, म्हणजे पाणी साठवण्याची सर्व भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा दिवस, पाळण्यास सांगितले जाते. धुराने उडते डास मरतात, अळ्या नव्हे. (फोटोसाठी धूर अधिक उठून दिसतो, हे मान्य!) पालिकेने तपासनीसांची संख्या वाढवावी आणि गृहनिर्माण संस्थांनी त्यांना गच्चीच्या किल्ल्या द्याव्यात.

— एक वाचक, ठाणे