सांगितली 165 ची क्रँक, पाठवली 175 ची

नमस्कार,

तुमच्याकडून घेतलेल्या सायकलच्या माहितीत क्रँक (पेडल ज्याला लागतं तो दांडा) 165 मिमी असं स्पष्ट लिहिलंय. माझे पाय आखूड, आधीच्या सायकलला पण 165 च होती, म्हणून तर हे मॉडेल निवडलं. आणि आली 175 ची. हे कळायला मला दीड महिना लागला, कारण नवी सायकल आल्यावर क्रँकच्या मागे वाकून कोण बघतंय? गुडघे पुढून दुखायला लागले तेव्हा पेडलच्या भोकाजवळ आतून कोरलेला आकडा पाहिला, तरी विश्वास बसेना म्हणून बीबीच्या (क्रँक ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या) मध्यापासून पेडलच्या मध्यापर्यंत टेप लावून मोजलं. 175 च.

तुमच्या कस्टमर केअरचं उत्तर: 10 मिमीने ताकदीत काही फरक पडत नाही, गुडघा दुखत असेल तर सीट खाली घ्या.

ताकदीचं मान्य, अहो तेच तर मी म्हणतोय! मार्टिन आणि स्पिर्दुसो या संशोधकांनी 2001 मध्ये 120 पासून 220 मिमीपर्यंतच्या क्रँक लावून बघितल्या, जास्तीत जास्त पॉवरमध्ये फरक आला फक्त 4 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लांब क्रँकने मला वेगळं काहीच मिळत नाही, मग गुडघ्याला शिक्षा कशासाठी? आणि सीट खाली घ्या हा सल्ला तर कमालच आहे. 175 मध्ये पेडल खाली 10 मिमी जास्त जातं, पाय पुरावा म्हणून सीट 10 ने उतरवली की तिकडे वरच्या टोकाला पेडल आधीच 10 ने उंच, म्हणजे वर गुडघ्याला जागा जवळपास 20 मिमी कमी. सीट परत वर नेली तर खाली पाय पुरत नाही आणि कंबर डुलते. दोन्ही करून झालंय.

दुसऱ्या फोनवर एक जण म्हणाला लांब क्रँकला लिव्हरेज जास्त मिळतं सर. मिळतं ना, 6 टक्के, पण तेवढ्यासाठी मागे एक गिअर हलका टाकला की काम होतं, गिअर त्यासाठीच असतात. उलट पाऊल एका फेरीत 104 ऐवजी 110 सेंमी फिरतं. जुन्या सायकलवर माझा 90 चा केडन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) आरामात राहायचा, इथे 80 च्या पुढे गेलं की मी सीटवर उड्या मारतो. पेडल वरून पुढे ढकलायची सवय लावायला मला वर्ष लागलं होतं, आता वरच्या टोकाला पाय अडकल्यासारखा होतो आणि मग नुसता खाली दाबत बसतो.

तर मला 165 ची क्रँक पाहिजे, दोन्ही बाजूंची (एकच बाजू पाठवू नका, हे लिहावं लागतंय यातच आलं सगळं), आहे त्याच बीबीला बसणारी, पुढच्या चकतीचे दात तेवढेच, आणि बसवून देण्याचा खर्च तुमचा. सात दिवसांत जमत नसेल तर सायकल परत न्या आणि पूर्ण पैसे द्या. कोरलेल्या आकड्याचा आणि टेपचा फोटो जोडलाय.