रेवाची ग्रिप

सोलापूर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

रेवाचा पोल व्हॉल्टचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. पोरगी धावते झकास! पण तिची ग्रिप, म्हणजे पोलवरची वरच्या हाताची पकड, खालच्या टोकापासून 3.40 मीटरवर का नेलीस?

वर धरलं की वर जाणार, हे काही अगदी खोटं नाही. 1994 मध्ये 6.14 मीटर उडणारा युक्रेनचा सर्गेई बुबका पोल 5.10 च्या आसपास धरायचा. पण पोल टेकवायचा बॉक्स जमिनीखाली 20 सेंटिमीटर असतो, म्हणजे त्याचा हात जमिनीपासून 4.90 वर. वरचा जवळजवळ सव्वा मीटर त्याने हाताच्याही वर जाऊन काढला. रेवाचा हात भरतो 3.20 वर आणि ती पार करते 2.90. स्वतःच्या हाताच्याही खाली, दत्ता!

ग्रिप जितकी वर, तितका पोल उभा करायला वेग जास्त लागतो. तिचा वेग पोल उभा व्हायच्या आतच संपतो, म्हणून ती पिटच्या, म्हणजे पडायच्या गादीच्या, बॉक्सकडच्या अगदी कडेला पडते. समोरून वारा आला तर थेट बॉक्सवर पडेल. मला उंचीपेक्षा याचीच काळजी वाटते.

वेग जातो कुठे, तर शेवटच्या पावलात. टेक-ऑफचा, म्हणजे जमीन सोडतानाचा, पाय वरच्या हाताच्या बरोबर खाली हवा. तिचा पाय चांगला फूटभर आत, बॉक्सच्या बाजूला पडतो, मग पोल तिला मागे ओढतो आणि खांदे ढिले पडतात. प्लांटही, म्हणजे पोल बॉक्समध्ये रोवणंही, उशिरा होतो. पोल बॉक्सला टेकायच्या आत दोन्ही हात वर गेलेले हवेत.

सध्या ग्रिप 3.15 वर आण आणि रनअप कमी कर. मात्र तोच पोल खाली धरला की कडक लागतो, वाकत नाही. मऊ पोल मिळाला तर उत्तम. पोल मोजकेच असतात, मला माहीत आहे. नाहीच मिळाला तर न वाकवता सरळ पोलवरच उडू दे. टेक-ऑफ त्यानेच सुधारतो. पिटच्या मध्यावर सहज पडायला लागली, की ग्रिप चार बोटं वर सरकव. त्याआधी नको, तिने कितीही हट्ट केला तरी.

सुट्टीत तिला घेऊन इकडे ये. आमचं ऊन तुला ठाऊक आहे, पहाटेच मैदानावर जाऊ. तोवर पुढचा व्हिडिओ टेक-ऑफच्या जागेसमोर, बाजूला उभं राहून काढ. पाय आणि वरचा हात दोन्ही दिसले पाहिजेत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रकाश