कागद लावणाऱ्यांनाही शिकवा

संपादक साहेब,
सरकारी कंपनी विकायची म्हटलं की चर्चा मंत्र्यांची नाहीतर बोली लावणाऱ्यांची, डेटा रूमचे, म्हणजे बोली लावणाऱ्यांना तपासायला ठेवलेल्या कंपनीच्या फायलींचे, कागद लावणाऱ्या क्लार्कचं ट्रेनिंग कोण बघतं? एअर इंडिया 2022 मध्ये टाटांकडे गेली, 18,000 कोटींच्या बोलीत रोख फक्त 2,700 कोटी, बाकी कर्ज, म्हणजे कुठलं देणं कुणाच्या माथी हे कागदावरच ठरतं ना. जुने फेरफार, भाडेकरार, कोर्टातले दावे, पीएफच्या याद्या, यातला एक पुरवणी करार जरी स्कॅन करायचा राहिला तरी पुढं भांडण ठरलेलंच, आणि गोपनीय फाइल व्हॉट्सअॅपवर गेली तर मुसळ केरातच. आमच्या सांगली-मिरजेत बीकॉम झालेली, टॅली येणारी हुशार पोरं ढिगानं आहेत. सरकारी कंपन्यांची विक्री बघणाऱ्या केंद्राच्या दीपम खात्यानं अशांना आधी नीट शिकवावं, मगच फायली हातात द्याव्यात.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली