घाटातले सगळेच धुके बाहेरचे नसते

महोदय,

पावसाळ्यात माळशेज, ताम्हिणी किंवा आंबोली घाटातून जाताना अनेक चालक इंधन वाचवण्यासाठी एसी बंद ठेवतात आणि पुढच्या काचेवर आतून वाफ धरली, की एका हाताने फडके फिरवत दुसऱ्या हाताने वळणे घेतात. हा प्रकार धोकादायक आहेच, शिवाय अनावश्यकही आहे. प्रवाशांच्या श्वासातील आणि ओल्या कपड्यांतील बाष्प गार काचेवर साचते. एसीच्या थंड नळ्यांवरून जाताना हवेतले हे बाष्प गळून पडते. म्हणून एसी चालू ठेवून, झोत काचेकडे वळवून आणि बाहेरची हवा आत घेऊन तापमान थोडे वाढवले, तर काच लवकर स्वच्छ होते. मात्र काच फार गार झाली, तर दमट हवेची वाफ बाहेरून धरते. तेव्हा वायपर फिरवून झोत काचेवरून हटवावा.

उन्हाळ्यात आधी काचा उघडून तापलेली हवा घालवावी आणि मगच एसी लावून बाहेरची हवा न घेता आतलीच हवा फिरवावी. लांबच्या प्रवासात मात्र ती अधूनमधून बदलावी, कारण कोंडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढून चालकाला पेंग येऊ शकते.

शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत रस्त्यावरील चिन्हे विचारली जातात, तशी एसी, झोत आणि आतली-बाहेरची हवा यांची ही बटणेही विचारावीत.

– एक वाचक, जुन्नर